भोंगाताईंचा साधा मेल

डोळ्यांच्या इस्पितळात तळमजल्यावर एक लांबलचक काउंटर होता आणि त्याच्यामागे बसणाऱ्या बाईंना सगळे भोंगाताई म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. त्यांनाही त्याचं वाईट वाटत नसे, कारण आवाज खरोखरच तसा होता. त्यांनी नाव पुकारलं की हॉलच्या पार टोकाला पेंगणारा माणूससुद्धा खडबडून उठायचा. मोठे डॉक्टर गमतीने म्हणायचे, या बाईंना रजा दिली तर इस्पितळाला माईक विकत घ्यावा लागेल.

पण त्या आवाजाचा खरा उपयोग वेगळाच होता. तिथे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना पाटी दिसत नाही, बाण दिसत नाही, काउंटर कुठे आहे तेही धड कळत नाही. ते दारात येऊन चाचपडत उभे राहायचे. मग भोंगाताई बसल्या जागेवरून हाक द्यायच्या, "सरळ या काका, मध्ये काही नाही. आता उजव्या हाताला खुर्ची आहे, ती सोडा. हां, आलात." माणूस आवाजाच्या रोखाने चालत यायचा आणि काउंटरला हात लागला की हसायचा. ते हसू भोंगाताईंना पगाराइतकंच गोड वाटायचं.

एके वर्षी त्यांचा गळा बसला. सर्दी असेल म्हणून त्यांनी गुळण्या केल्या, वाफ घेतली, घरच्यांनी सांगितलेले सगळे उपाय झाले. गळा काही सुटेना. तपासणीत स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधीच आहे असा निरोप आला आणि नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. आवाज मात्र परत आला तो भोंग्याचा नव्हता. कागदावर कागद घासावा तसा काहीतरी सरसर आवाज यायचा, तोही समोरच्याने कान पुढे केला तर.

घरात नवरा, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा मुळातच अबोल माणूस, आणि सासूबाई. सासूबाईंना ऐकू कमी यायचं. इतकी वर्षं सुनेच्या आवाजामुळे त्यांना कानाच्या यंत्राची गरजच पडली नव्हती. आता त्या सुनेच्या ओठांकडे बघत बसायच्या आणि अंदाजाने उत्तरं द्यायच्या. चहा विचारला की म्हणायच्या, "हो, दार लावलंय."

रजा संपवून भोंगाताई कामावर हजर झाल्या, तेव्हा काउंटरवर एक तरतरीत मुलगी बसली होती आणि तिच्यापुढे नवा माईक होता. अधीक्षक मॅडमनी त्यांना खोलीत बोलावून खुर्ची दिली. "ताई, तुम्ही वर मेलच्या खोलीत बसा. पेशंटना मेल जातात ना, तारखांचे, सूचनांचे, ते बघा. तिथे बोलावं लागत नाही."

मॅडमनी ते चांगल्या मनानेच सांगितलं. पण तिथे बोलावं लागत नाही हे वाक्य भोंगाताईंच्या मनाला फार लागलं. जिना चढताना त्यांना वाटलं, आपल्याला माळ्यावर टाकलं.

मेलच्या खोलीत एक दाढीवाला तरुण बसायचा. त्याला सगळे रंगारी म्हणत. इस्पितळाचे मेल तोच सजवायचा, आणि हात चांगला होता त्याचा. वर इस्पितळाचं चित्र, खाली निळी पट्टी, पट्टीत पांढरी अक्षरं, प्रत्येक सूचनेला छोटंसं रेखाचित्र, थेंबाची बाटली, घड्याळ, हात धरून चालणारी दोन माणसं. भोंगाताईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या मनापासून म्हणाल्या, "सुंदर आहे रे." रंगाऱ्याने ऐकू आलं नाही म्हणून खुर्ची जवळ सरकवली, आणि पुढे ती तशीच राहिली.

भोंगाताईंचं काम म्हणजे नाव, पत्ता आणि तारीख जुळतात ना ते बघायचं आणि बटण दाबायचं. चार दिवसांत ते हातात बसलं. मग दिवसभर बटणं दाबायची आणि खालून माईकचा आवाज येतोय तो ऐकायचा. घरी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माझ्या जागी माकड बसवलं तरी चालेल." नवरा स्क्रूड्रायव्हर पुसत म्हणाला, "माकड पत्ते तपासणार नाही." त्यांना तेवढंच बरं वाटलं.

असे काही महिने गेले आणि एका सोमवारी खालच्या हॉलमध्ये मोठा आवाज चढला. माईकवालीचा नव्हे, दुसऱ्याच कुणाचा तरी. थोड्या वेळाने जिन्यावर काठी वाजली आणि काउंटरवरच्या मुलीचा हात धरून एक उंच, रुंद खांद्यांची बाई दारात आली.

"मेलवाले इथेच बसतात का?" तिने विचारलं.

बंदरावर उंच क्रेन चालवणारी ही बाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत गेला तसं तिला खाली उतरवून गोदामात फोन उचलायला बसवलं होतं. आज तिच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. पण आधीपासून घालायचे थेंब तिने घातले नव्हते आणि सोबतही कुणाला आणलं नव्हतं. डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली होती.

"खाली म्हणतात, मेलमध्ये सगळं लिहिलं होतं," क्रेनबाई म्हणाली. "मी म्हणते, काही लिहिलं नव्हतं. आता ऐका तुम्हीच."

तिने फोन टेबलावर ठेवला आणि बोटाने काहीतरी केलं. फोनमधून एका यांत्रिक बाईचा सपाट आवाज आला. "चित्र. चित्र. इथे क्लिक करा. चित्र. चित्र. इथे क्लिक करा." मग लिंकचा लांबच लांब पत्ता सुरू झाला, एकेक अक्षर, एकेक आकडा, मध्येच तिरकी रेघ, पुन्हा आकडे. तो संपेचना. रंगारी आधी हसायच्या बेतात होता, मग त्याचा चेहरा उतरला.

"मी तीनदा ऐकलं," क्रेनबाई म्हणाली. "वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. डोळ्यांचं इस्पितळ आहे हे, आणि ज्याला दिसत नाही त्याला तुम्ही चित्रं पाठवता?"

भोंगाताईंनी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "तुम्ही बरोबर आहात. मी बघते."

"तुम्ही कुजबुजताय का?" क्रेनबाईने विचारलं. "कुणी झोपलंय?"

"गळ्याचं ऑपरेशन झालंय माझं."

क्रेनबाईने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे तुमचं-माझं सारखंच." आणि आवाज खाली आणून बोलू लागली.

ती गेल्यावर रंगाऱ्याने मेल पाठवायचा प्रोग्राम उघडला आणि भोंगाताईंना नीट समजावलं. मेल एकच जातो, पण त्याच्या पोटात दोन मेल असतात. एक सजवलेला, त्याला एचटीएमएल म्हणतात, त्यात रंग, चित्रं, पट्ट्या. दुसरा नुसता अक्षरांचा, साधा मजकूर. घेणाऱ्याचा फोन दोन्हीतला जो हवा तो दाखवतो. क्रेनबाईसारख्या लोकांनी फोनला सांगून ठेवलेलं असतं की मला साधाच दे, कारण सजावटीतून वाट काढत वाचताना वाचणारं यंत्र भलतंसलतं बडबडतं. काहींचा फोन जुना असतो, काहींचं नेट इतकं मंद की चित्र उतरतच नाही.

"मग साधा मजकूर लिहितं कोण?" भोंगाताईंनी विचारलं.

रंगाऱ्याने दाढी खाजवली. "कुणीच नाही. सजवलेल्यातून यंत्र आपोआप काढतं. मी सूचना चित्रातच लिहितो ना, तर त्याला अक्षरं सापडत नाहीत. सापडतात ती बटणं आणि लिंक. खरं सांगू ताई, हा डबा मी कधी उघडूनच पाहिला नव्हता."

"मी लिहू?"

"लिहा की."

भोंगाताईंनी दुपारभर बसून लिहिलं. लिहिता लिहिता त्यांच्या अंगात सरकार शिरलं. "उपरोक्त शस्त्रक्रियेच्या अनुषंगाने आपणांस सूचित करण्यात येते की" अशी सुरुवात झाली. संध्याकाळी तो मजकूर त्यांनी स्वतःच्या फोनवर घेतला आणि घरी सासूबाईंच्या कानाशी फोन धरून, आवाज शेवटपर्यंत चढवून, यंत्राला वाचायला लावलं.

सासूबाईंनी डोळे मिटून सगळं ऐकलं. "कोण मेलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही हो."

"मग एवढं जड कशाला बोलतेय ती बाई? नीट सांग म्हणावं, काय हवंय."

नवरा पहिल्यांदाच मोठ्याने हसला. भोंगाताईंना राग आला, मग तो ओसरला, आणि मग एक गोष्ट मनात आली. काउंटरवर त्या कधी अनुषंगाने वगैरे बोलल्या होत्या का? दारात चाचपडत उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे आणला तर त्या काय म्हणतील? त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं. या वेळी दर वाक्य आधी ओठांनी म्हणून बघितलं, सरसर का होईना, आणि मगच टाइप केलं.

"नमस्कार. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी आहे. सकाळी नऊला या. त्याआधी दोन कामं आहेत. पहिलं, शुक्रवारी सकाळपासून थेंब सुरू करा. निळ्या झाकणाची बाटली घ्या. दुसरं, सोबत कुणाला तरी आणा. कुणी नसेल तर आम्हाला आधी सांगा, आम्ही सोय बघू, त्यात लाजायचं काही नाही. इस्पितळात आलात की सरळ चाला, मध्ये काही नाही. उजव्या हाताला खुर्च्या लागतील, त्या सोडा. पुढे काउंटर आहे."

सासूबाईंनी हे ऐकलं आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "ही बरी आहे. हिला काम सांगता येतं."

नव्या तारखेचा मेल क्रेनबाईला गेला तो असा. दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. "सगळं समजलं. एकच विचारते, निळं झाकण मला दिसणार कसं?" रंगाऱ्याने ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. मग दोघं खाली औषधांच्या खिडकीपाशी गेले, पेशंटना मिळणाऱ्या थेंबांच्या दोन्ही बाटल्या मागून घेतल्या, आणि रंगाऱ्याने डोळे घट्ट मिटून त्या चाचपल्या. एकीच्या झाकणाला खाचा होत्या, दुसरीचं गुळगुळीत होतं. औषधवाल्याने विचारलं, "काय चाललंय?" रंगारी डोळे न उघडता म्हणाला, "अभ्यास." तेव्हापासून मेलमध्ये आलं, "झाकणाला बोट लावा. खाचा लागतील ती बाटली." मग रंगाऱ्यानेही आपल्या एकेका चित्रामागे त्या चित्रात काय आहे ते शब्दांत लिहायला सुरुवात केली, म्हणजे सजवलेला मेल कुणी यंत्राकडून ऐकलाच तर तोही मुका राहू नये.

पुढच्या आठवड्यांत मेलना उत्तरं यायला लागली, पूर्वी कधी येत नसत. कुणी लिहिलं, सोबत कुणी नाही, सोय करा. कुणी लिहिलं, थेंब घालताना हात थरथरतो, काय करू. एका म्हाताऱ्याने नुसतं लिहिलं, "बाई, तुम्ही पूर्वी खाली बसायचात का?" भोंगाताईंनी तो मेल दोनदा वाचला आणि डोळ्यांत काही गेलं म्हणून तोंड धुऊन आल्या.

सगळं सुरळीत चाललंय म्हणेपर्यंत माशी शिंकली. एका गुरुवारी कळलं की सोमवारी उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची दुरुस्ती आहे, आणि सोमवारच्या ऑपरेशनांची वेळ नऊवरून अकरावर गेली. भोंगाताईंनी साधा मजकूर लगेच बदलला. सजवलेल्या मेलमधलं घड्याळाचं चित्र मात्र तसंच राहिलं, कारण रंगारी त्या दिवशी रजेवर होता, आणि त्या मेलमध्ये वेळ चित्रात आहे हे भोंगाताईंच्या ध्यानातच आलं नाही. त्यांनी बटण दाबलं.

सोमवारी हॉलमध्ये एक वयस्कर जोडपं नऊच्या आधीच येऊन बसलं. नवरा मेल घरच्या मोठ्या पडद्यावर बघायचा, बायको फोनवर ऐकायची. ऑपरेशन बायकोचं होतं. घरून निघतानाच जुंपली होती. तो म्हणे नऊ, ती म्हणे अकरा. तो म्हणे मी डोळ्यांनी वाचलंय, ती म्हणे मी कानांनी ऐकलंय. शेवटी त्याचंच चाललं, नेहमीसारखं, आणि दोघं दोन तास बाकावर फुगून बसली. अकरा वाजता नाव पुकारलं तेव्हा बायको उठली आणि काउंटरवर जाऊन म्हणाली, "अकरा होते हे मला लेखी द्या. संसारात पहिल्यांदाच मी बरोबर निघालेय."

"पण नऊ वाजलेलं घड्याळ होतं," नवरा कळवळून म्हणाला. "मी काय स्वप्न बघितलं?"

हॉलमधले लोक हसले, पण त्या दिवशी नऊला आलेले आणखीही होते आणि ते हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. तक्रार वर गेली. अधीक्षक मॅडमनी दोघांना बोलावलं.

"एका मेलमध्ये दोन वेळा?" त्या म्हणाल्या. "हे नको आपल्याला. एकच मेल ठेवा. सजवलेला चांगला दिसतो, तो राहू दे. साधा बंद करा."

भोंगाताई बोलू लागल्या, पण वरचा पंखा खडखडत होता आणि त्यांचे शब्द मॅडमपर्यंत पोचेनात. रंगारी उठला आणि पंखा बंद करून पुन्हा जागेवर बसला. खोली एकदम शांत झाली. मॅडमनी कोपर टेबलावर टेकून कान पुढे केला.

"मॅडम, चूक माझी आहे," भोंगाताई म्हणाल्या. "एकीकडे बदललं, दुसरीकडे बघितलं नाही. पण चूक साध्या मेलची नाही. एकच माणूस दोन तोंडांनी बोलला, ती चूक. साधा बंद केला तर ज्यांना दिसत नाही ते पुन्हा चित्र, चित्र ऐकत बसतील. त्यांची ऑपरेशनं पुढे जातील. आणि त्यांच्यासाठीच आपण आहोत ना इथे?" एवढं बोलून त्यांना दम लागला. त्या थांबल्या, पाणी प्यायल्या. "सजवलेलाही हवाच. त्या आजोबांना घड्याळ बघितल्याशिवाय पटत नाही. दोन्ही हवेत, पण आतली गोष्ट एकच पाहिजे."

"मग ते कसं करणार?"

रंगारी म्हणाला, "आतापर्यंत मी आधी चित्र काढायचो आणि उरलंसुरलं साध्यात जायचं. ते उलटं करू. आधी ताई मजकूर लिहितील. तो दोघांनी वाचायचा, यंत्राकडून ऐकायचा. मग मी तोच सजवणार. वेळ आणि तारीख चित्रात लिहायची नाही, अक्षरांतच राहील. बदल झाला तर आधी मजकुरात, मग सजावटीत, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही."

मॅडमनी दोघांकडे बघितलं. "महिनाभर करून दाखवा," त्या म्हणाल्या. आणि भोंगाताई दाराशी पोचल्या तेव्हा पुढे म्हणाल्या, "ताई, काउंटरवरच्या मुलीलाही जरा शिकवा. माईक आहे तिच्याकडे, पण माणसं अजून दारातच उभी राहतात."

महिना गेला, त्यामागून दुसराही, आणि कुणी काही बंद करायचं नाव काढलं नाही. रोज सकाळी भोंगाताई मजकूर लिहीत, मग फोन मध्ये ठेवून दोघं ऐकत. रंगाऱ्याला एखादं वाक्य खटकलं की तो म्हणे, "हे तुम्ही काउंटरवर असं म्हणाला असतात का?" बहुतेक वेळा उत्तर नाही असंच असे आणि वाक्य बदलत असे. दुपारी जेवण झाल्यावर भोंगाताई खाली जाऊन काउंटरवरच्या मुलीशेजारी बसत आणि तिच्या कानात सांगत, "त्या दाराशी निळ्या साडीवाल्या बाई आहेत, त्यांना म्हण, सरळ या." मुलगी माईकवर म्हणे, "सरळ या मावशी, मध्ये काही नाही." पुढे पुढे तिला सांगावं लागेनासं झालं. ती माईक बाजूला ठेवून उठायची आणि हात धरून माणसाला आणायची. भोंगाताईंना जे बसल्या जागेवरून जमायचं ते ती चालत जाऊन करत होती, आणि तेही काही वाईट नव्हतं.

क्रेनबाईच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. सोबत येण्यासाठी तिने गोदामातल्या एका मैत्रिणीला गळ घातली होती. शेवटची तपासणी झाली त्या दिवशी ती काठीशिवाय जिना चढून वर आली आणि दारात उभी राहून खोलीभर बघत राहिली. रंगाऱ्याकडे, पडद्यावरच्या निळ्या पट्टीकडे, आणि मग भोंगाताईंकडे.

"तुम्हीच का त्या?" तिने विचारलं. "मला वाटलं होतं, चांगली धिप्पाड बाई असेल. मेल ऐकताना तसंच वाटायचं."

भोंगाताई हसल्या. हसण्याचा आवाजही आता फक्त हवेचा होता, पण खांदे हलत होते.

"आणि हे तुझे मेल का?" क्रेनबाई रंगाऱ्याला म्हणाली. पडद्याजवळ जाऊन तिने सगळं बारकाईने पाहिलं. "छान आहेत. बाटली तर हुबेहूब. हा निळा मात्र जरा भडक आहे."

"आजपर्यंत कुणी म्हणालं नव्हतं," रंगारी म्हणाला.

"आजपर्यंत आमच्यासारख्यांना विचारलं कुणी होतं?" ती खुर्चीत बसली, चहा मागवला गेला, आणि बोलता बोलता बंदरावर डोळ्यांची नवी तपासणी आहे, पास झालं तर पुन्हा वर बसवतील, असं तिने सांगितलं. वर म्हणजे कुठे, हे रंगाऱ्याने विचारलं, तेव्हा तिने खिडकीतून बाहेर बोट केलं. दूर घरांच्या छपरांपलीकडे क्रेनची लांब मान दिसत होती. भोंगाताईंनी ती रोज बघितली होती, पण तिच्यात माणूस बसतो हे कधी मनात आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात गळ्याच्या डॉक्टरांनी भोंगाताईंना आवाजाचे व्यायाम लिहून दिले. पूर्वीसारखा होणार नाही, ते म्हणाले, पण आता आहे त्याहून बराच सुधारेल, रोज केलंत तर. आधी एकदा दिलेले व्यायाम त्यांनी दोन दिवसांत सोडून दिले होते. या वेळी त्या सकाळी गॅलरीत उभ्या राहून हुंकार भरू लागल्या. शेजारचे वळून बघत. सासूबाईंना ऐकू येत नसे, त्यामुळे घरात कुणाला त्रास नव्हता.

पुढच्या महिन्यात एका सकाळी क्रेनबाईचा मेल आला. रंगारी तेव्हा नवी निळी छटा जुळवत बसला होता. मेलमध्ये फोटो नव्हता, रंग नव्हता, खाली सहीची पट्टीसुद्धा नव्हती. भोंगाताईंनी तो त्याला वाचून दाखवला, आणि रंगाऱ्याला कान पुढे न करता तो ऐकू आला.

"वर बसले आहे. वारा जोरात आहे. लांबचं जहाज दिसतंय, त्याच्यावरचा माणूसही दिसतोय. तो कपडे वाळत घालतोय."

"उत्तर काय पाठवायचं?" रंगाऱ्याने विचारलं.

भोंगाताईंनी कीबोर्ड पुढे ओढला. मग त्यांनी लिहिलं, "सांभाळून. थेंब अजून चालू आहेत ना?" आणि बटण दाबून त्या दिवसाच्या पहिल्या मेलकडे वळल्या. तिरळ्या डोळ्यांच्या लहान मुलांसाठी नवा विभाग सुरू होत होता, आणि त्यांच्या आयांना काय सांगायचं ते अजून ठरायचं होतं.